शेषण्णांचे पास झालेले मासे

मासा धरून, त्याची लांबी मोजून, शेपटीला बिल्ला बांधून, ‘पास’ असं म्हणून त्याला परत समुद्रात सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. तोही समुद्राकाठचा नव्हे, आमच्या हुबळीचा. त्यात पुन्हा असल्या घरातला, की जिथं चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. अंकोल्याकडच्या लोकांनी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा हे कुठलं तरी नवीन सरकारी खातं असावं अशीच त्यांची समजूत झाली होती.

शेषगिरीराव हे पूर्ण नाव. तारिहाळला पंपाचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या कारखान्यात ते क्वालिटीचे मुख्य आणि मी लेथवर टर्नर. अख्खा कारखाना त्यांना शेषण्णा म्हणायचा, समोर अदबीनं आणि पाठीमागं दातओठ खाऊन. बुटकी मूर्ती, कपाळावर गंधाची बारीक रेघ, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर कॅलिपर. टेबलावर लाल रंगाचा डबा आणि ब्रश. माप चुकलेल्या जॉबवर त्यांनी लाल पट्टा ओढला की तो जॉब भंगारात. माझ्या निम्म्या तारुण्यावर तो लाल पट्टा आहे.

एकदा माझे एका दमात चाळीस जॉब त्यांनी लाल केले. मी चिडून गेलो. म्हटलं, “शेषण्णा, केसभर जास्त आहे हो! केसभरानं काय पंप बुडतोय?” त्यांनी शांतपणे स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटला. डोक्यावर मोजकेच होते, त्यातला एक माझ्यासाठी खर्च केला. मायक्रोमीटरमध्ये धरून मोजला, मला आकडा दाखवला आणि म्हणाले, “बघ. केस एवढा. तुझा जॉब याच्या दुप्पट चुकलाय. उगीच केसभर म्हणू नकोस, खोटं होतंय.” माझा राग कुठल्या कुठं गेला. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

घरीही तोच प्रकार. त्यांच्या पत्नी, सुधावैनी, विद्यानगरच्या त्यांच्या घरी मी चहाला गेलो की एकेक सांगायच्या. “मला बघायला आले तेव्हा आमच्या काकांनी उंची फुटात सांगितली, तर हे म्हणाले सेंटिमीटरमध्ये सांगा. मी आतनं ऐकलं आणि म्हटलं, अय्यो देवा, हा नवरा आहे की शिंपी?” माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीत बसून त्यांनी होळिगेची, म्हणजे पुरणपोळीची, जाडी मोजली होती, हे मी स्वतः बघितलंय. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ निघाली. खाल्ल्या मात्र चार.

त्यांची दोन वाक्यं कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. पहिलं, “माप खोटं बोलत नाही, मोजणारा बोलतो.” दुसरं, “आकडा विचित्र आला की आधी उपकरण तपासा.” ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडात सुखानं नांदू शकतात असं मला तेव्हा वाटायचं.

मासे धरायचा नाद त्यांना लहानपणचा. केलगेरीच्या तळ्याजवळ त्यांचं घर. शाळा सुटली की बांबूची काठी आणि कणकेची गोळी घेऊन तळ्यावर. एक दिवस आईनं बघितलं. सोवळ्यातली बाई, तिनं पोराला विहिरीवर नेऊन चार बादल्या डोक्यावर ओतल्या आणि देवासमोर उभं करून वचन घेतलं, की जीव घ्यायचा नाही. आता दुसरा एखादा मुलगा असता तर त्यानं मासे धरणं तरी सोडलं असतं किंवा वचन तरी मोडलं असतं. शेषण्णांनी दोन्ही केलं नाही. वचनाचा नीट अभ्यास केला. जीव घ्यायचा नाही म्हटलंय, धरायचा नाही असं कुठं म्हटलंय? तेव्हापासून धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात.

नोकरीत आल्यावर कामासाठी एकदा कारवारला गेले, तिथं खडकावर उभं राहून गळ टाकणारा एक माणूस बघितला आणि तळं सुटलं, समुद्र लागला. दिवाळी झाली की होळीपर्यंत, महिन्यातला एक शनिवार ठरलेला. पुढं त्यांनी मलाही ओढलं. म्हणजे झालं असं, की त्यांना गाडी चालवायला माणूस पाहिजे होता, आणि मला मासे खायला निमित्त. मी आपला मराठ्याचा पोर, समुद्राला जाऊन दहीभात खाऊन येणं मला कसं जमणार?

शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, यल्लापूरला चहा, अरबैलचा घाट उतरून अंकोल्याच्या पुढं एका खाडीच्या तोंडाशी पुरसोकडं मुक्काम. पुरसो म्हणजे पुरुषोत्तम, तिथला होडीवाला. काळा, सडपातळ, बोलणं कमी आणि हसणं जास्त. त्याची बायको सावित्री बरोबर उलटी. ओसरीवर एका कोपऱ्यात शेषण्णा सुधावैनींनी बांधून दिलेली भाकरी, शेंगाचटणी आणि दहीभात घेऊन बसणार, दुसऱ्या कोपऱ्यात मी सावित्रीच्या हातचं कालवण ओरपणार. मधे पुरसो, दोघांना पाणी द्यायला.

पहाटे खडकावर. शेषण्णांचं सगळं सामान घरगुती. गळाला जिवंत कोळंबी लावायची नाही, कारण तोही जीवच. म्हणून सागवानाचे आणि पितळेचे खोटे मासे ते सुट्टीच्या दिवशी माझ्याकडनं लेथवर करून घ्यायचे. अर्थात त्यातले निम्मे रिजेक्ट व्हायचे. गळाच्या टोकाला आत एक उलटा दात असतो, मासा निसटू नये म्हणून. तो शेषण्णा कानशीनं घासून टाकायचे, माशाच्या तोंडाला इजा नको. पुरसो मला हळूच म्हणायचा, “मारुती, अण्णा मासे धरतात का माशांची सेवा करतात?”

रावस हा त्यांचा लाडका. थंडी पडून पाणी निवलं की रावस खाडीच्या तोंडाशी येतात, भरतीबरोबर आत शिरतात. लागला तर काठी अशी वाकते की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. शेषण्णा त्याला दमवून काठाला आणणार, ओल्या गोणपाटावर ठेवणार, पट्टीनं मोजणार. ठरलेल्या लांबीपेक्षा लहान असला तर “रिजेक्ट, जा वाढून ये.” बरोबर भरला तर त्याच्या शेपटीच्या मुळाशी नायलॉनच्या दोऱ्यानं ॲल्युमिनियमचा बिल्ला. बिल्ल्यावर नंबर, हुबळी, आणि टेलिफोन. पंच मारून बिल्ले मीच करायचो. मग “पास”, आणि मासा पाण्यात.

एका वर्षी खरंच फोन आला. मालवणच्या बाजूचा कुणी मासेवाला, त्याच्या जाळ्यात बिल्लेवाला रावस सापडला होता. शेषण्णांनी त्याला लांबी विचारली. तो बिचारा वजन सांगत होता, हे लांबीच विचारत होते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना पेढे. “कशाचे हो, शेषण्णा?” “आपला एक्केचाळीस नंबर मालवणला पोचला.” पोरगा अमेरिकेला लागला तरी माणूस इतका फुलत नाही. आणि हा एक्केचाळीस नंबर त्या मासेवाल्याच्या घरी कालवणात गेला असणार, हे मी बोललो नाही. पेढा तोंडात होता.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती आता सांगतो.

शेषण्णांचा एक नियम होता. पाणी एकोणतीस अंशांच्या वर असेल तर गळ टाकायचा नाही. गरम पाण्यात माशाला श्वास पुरत नाही, झुंज देऊन दमला की मग सोडला तरी सावरत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. वचनाच्या बाबतीत त्यांना धोका नको होता. म्हणून खडकावर गेल्यावर पहिलं काम म्हणजे दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडणं. आकडा वहीत लिहिणार, मगच काठीला हात. पूर्वी नोव्हेंबर-डिसेंबरात हा नियम कधी आडवाच आला नाही.

रिटायर झाल्यावर ते महिन्याचे दोन शनिवार जायला लागले, आणि नेमका तेव्हाच समुद्र बिघडला. दिवाळी होऊन महिना झाला तरी थर्मामीटर तीस दाखवायचा, कधी साडेतीस. पुरसो म्हणायचा, “अण्णा, उदक हून आसा.” पाणी गरम आहे. त्याला थर्मामीटर लागत नव्हता, पाय बुडवला की कळायचं. तारली लवकर येत नाही, आली तर लांब खोल पाण्यात राहते, किनाऱ्याला नुसती जेलीमासळी लागते, असं गावातले सगळेच सांगायचे. पुरसोकडं बंगळूरहून गळ टाकायला येणारे हौशी लोकही सकाळी सात वाजता कंटाळून परत फिरायचे. जे काय लागायचं ते उजाडायच्या सुमाराला, नाहीतर नाहीच.

शेषण्णांनी आकडा बघितला, आणि दुसरं वाक्य बाहेर काढलं. आकडा विचित्र आला की आधी उपकरण तपासा.

झालं. सुधावैनींच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा. थर्मामीटर बर्फात घातला, शून्य दाखवलं. उकळत्या पाण्यात घातला, हुबळीच्या उंचीला जेवढं दाखवायला पाहिजे तेवढं बरोबर दाखवलं. वैनी म्हणाल्या, “बरोबर आहे की मग! माझं दुधाचं पातेलं सोडा आता.” शेषण्णा म्हणाले, “दोन्ही टोकांना बरोबर आहे. मधे चुकत असणार.”

त्यांनी दुसरा थर्मामीटर आणला. त्यानं तेच दाखवलं. तिसरा आणला. तेच. मी म्हटलं, “शेषण्णा, तिघं मिळून एकच सांगतायत.” ते म्हणाले, “तिन्ही एकाच लॉटचे असतील.”

 ही थाप माझ्यासारख्या एखाद्या टर्नरनं त्यांच्यापुढं मारली असती, तर शेषण्णांनी जॉबऐवजी त्यालाच लाल रंग लावला असता. त्या दिवसापासून वहीत एक नवीन रकाना आला: ‘उपकरणाची चूक, वजा दीड’. तीस आले की साडेअठ्ठावीस लिहायचे आणि काठी उचलायची. मी तो रकाना बघितला होता. बघून न बघितल्यासारखं केलं, कारण काठी उचलताना त्यांचा चेहरा केलगेरीच्या तळ्यावरच्या पोरासारखा व्हायचा. रिटायर माणूस, मुलगी म्हैसुराला, घरात दोघंच. त्या दोन शनिवारांवर त्यांचा महिना चालायचा. कोण बोलणार?

अशी चार वर्षं गेली. चार वर्षांत एकही फोन आला नाही. शेषण्णा त्याचंही कौतुक सांगायचे. “आपला एकही मासा कुणाच्या जाळ्यात सापडलेला नाही, बघ. हुशार झालेत.”

गेल्याच्या गेल्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. सकाळी शेषण्णांनी दोन रावस पास केले होते. पुरसो नेहमीसारखा “जाळं बघून येतो” म्हणून होडी घेऊन खाडीत आतल्या बाजूला असलेल्या पुलाकडं गेला होता. मासा सोडला की त्याला दर वेळी जाळं आठवायचं, हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दुपारी मी मीठ मागायला सावित्रीच्या स्वयंपाकघरात गेलो, तर फळीवर मिठाच्या बरणीशेजारी कॉफीची जुनी काचेची बाटली. आत ॲल्युमिनियमचे बिल्ले. माझ्या हातचे पंच मी ओळखणार नाही? बाटली पाऊण भरली होती.

सावित्रीनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. “अण्णांना सांगू नका.”

मग तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. अण्णा सोडतात तेव्हा मासा पोहत जातो. पण पाणी गरम, मासा दमलेला. भरतीबरोबर पुलापर्यंत जातो आणि तिथं पोट वर करून तरंगतो. सगळे नाही, पण बरेच. पहिला तरंगताना पुरसोला दिसला, तेव्हापासून तो प्रत्येकाच्या मागं जातो आणि अण्णांच्या नजरेला पडायच्या आत उचलून आणतो.

 चार वर्षं या ओसरीवर मी बोटं चाटून जे कालवण खाल्लं, ते कुठल्या माशाचं होतं हे मला तेव्हा कळलं. ते सगळे पास झालेले होते.

बाहेर शेषण्णा चटईवर बसून वही लिहीत होते. मी जाऊन शेजारी बसलो. सांगावं तर त्यांच्या आईला दिलेलं वचन जाणार, न सांगावं तर आणखी मासे जाणार. मला काही सुचेना. शेवटी कारखान्याची भाषा तोंडात आली.

“शेषण्णा, एक विचारू? समजा माझा एक जॉब आहे. तीन मायक्रोमीटरनी मोजला. तिघांनी एकच आकडा दाखवला, आणि तो आकडा चुकीचा आहे. तर चूक कुणाची?”

“जॉबची,” शेषण्णा वहीतनं मान वर न करता म्हणाले. “यात विचारायचं काय आहे? रिजेक्ट.”

आणि पेन थांबला. ‘वजा’ लिहून झालं होतं, ‘दीड’ राहिलं होतं.

सावित्री दाराआड ऐकत उभी होती. ती आत गेली, बाटली घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवली. पायरीवर जाळं विणत बसलेला पुरसो तिच्यावर ओरडला. मी त्याला त्याच्या बायकोवर ओरडताना तेव्हा एकदाच ऐकलं. ती म्हणाली, “किती दिवस लपवायचं? माझ्यानं आता होत नाही.”

शेषण्णांनी बाटली चटईवर ओतली.  बिल्ले एकेक करून नंबरानं ओळीत लावले. वही उघडली आणि प्रत्येक नंबरापुढं एक बारीक खूण केली. आम्ही तिघं बघत होतो. अर्धा तास तरी गेला असेल. त्यात सकाळच्या दोन माशांपैकी एक होता, त्याचा दोरा अजून ओला होता. तो बिल्ला त्यांनी हातात बराच वेळ धरला.

“एकोणचाळीस,” ते म्हणाले. मग पुरसोकडं वळले. “का सांगितलं नाहीस?”

पुरसो खाली बघत म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही आला असता काय, अण्णा?”

  माणूस मित्रासाठी काय काय करतो! हा चार वर्षं दर शनिवारी होडी वल्हवत मेलेले मासे गोळा करत होता, या म्हाताऱ्यानं परत यावं म्हणून.

सावित्रीला राहवेना. “एकही वाया गेला नाही, अण्णा. सगळे शिजवले, सगळे खाल्ले. मारुतीभाऊंना विचारा.” बाई, माझं नाव तेवढं घ्यायचं नव्हतं. शेषण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मला पुन्हा ते चाळीस जॉब आठवले.

मी म्हटलं, “मला आजच कळलं, शेषण्णा. शपथ.”

“तुला आज कळलं,” ते म्हणाले. “पुरसोला चार वर्षं माहीत होतं. मला पण होतं. थर्मामीटर दर शनिवारी सांगत होता की.”

 परत येताना त्यांनी यल्लापूरला चहा घेतला नाही. हुबळी जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, “लाल रंग आहे काय रे तुझ्याकडं?” माझाही कारखाना सुटला तेव्हा लाल रंगाचा एक डबा मी घरी आणून ठेवला होता, दाराच्या चौकटीसाठी. तो त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी गेलो तर हॉलमध्ये भिंतीवर काठी आडवी टांगलेली, आणि तिच्या मधोमध लाल पट्टा. चार वर्षांच्या चारही वह्यांवर लाल पट्टा. वैनी मला म्हणाल्या, “मला म्हणतात, आईला काय तोंड दाखवू? म्हटलं, अहो, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, त्या कशाला तोंड बघायला बसल्यात? आधी आंघोळ करा, जेवा.” असं म्हणून त्या हसल्या आणि लगेच पदरानं डोळे पुसले.

प्रायश्चित्तही अर्थात मोजून. एकोणचाळीस मासे, एकोणचाळीस शनिवारचे उपास. देवाच्या फळीवर दोन बाटल्या. एक भरलेली, एक रिकामी. दर शनिवारी संध्याकाळी एक बिल्ला इकडनं तिकडं. वैनींनी समजावून बघितलं, “देव एवढा हिशोबी नसतोय हो. पाच उपास करा, सोडून द्या.” तर म्हणाले, “देव नसेल, मी आहे.” शनिवारी भगर नाही, साबुदाणा नाही, नुसतं ताक. साठी ओलांडलेला माणूस, मला काळजी वाटायची. मी शनिवारी मुद्दाम त्यांच्याकडं जायचो आणि उपासाला सोबत म्हणून स्वतः तिथं पोटभर अवलक्की, म्हणजे पोहे, खायचो.

एक मात्र केलं त्यांनी. तिन्ही थर्मामीटर पुरसोला पाठवून दिले. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला पुरसोचा फोन. “अण्णा, एकतीस.” “लिहिलं.” एवढाच संवाद. नवीन वही, आणि त्यात वजाचा रकाना नाही. पावसाळ्यातही खंड नाही. फोन जरा उशिरा आला की शेषण्णा अंगणात फेऱ्या घालायचे. वैनी म्हणायच्या, “माझ्या तापाची एवढी चौकशी कधी केली नाही हो यांनी, समुद्राच्या तापाची करतात.”

एकोणचाळीस शनिवार संपले तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. पण फोनवर “तीस” यायचं, “साडेतीस” यायचं. शेषण्णा लिहायचे, “रिजेक्ट” म्हणायचे आणि फोन ठेवायचे. एक काठी भिंतीवर, एक माणूस तिच्याखाली. नोव्हेंबर गेला. डिसेंबर निम्मा गेला. मला वाटलं, संपलं. यांचा समुद्र आता काय निवत नाही.

नाताळच्या आधी एका सकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज दबलेला. “मारुती, तीन दिवस झाले. साडेअठ्ठावीस.”

“मग?”

“मग काय मग? गाडी काढतोस काय?”

ही त्यांच्याबरोबरची माझी शेवटची खेप. त्यानंतर महिन्याभरात दोघं मुलीकडं म्हैसुराला कायमचे गेले, आणि तिथं समुद्र नाही. म्हणून ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते.

काठीवरचा लाल पट्टा त्यांनी पुसला नव्हता. पाण्यात आधी स्वतःचा हात घातला, मग पुरसोकडचा थर्मामीटर. साडेअठ्ठावीस. वहीत लिहिलं. तिसऱ्या फेकीला रावस लागला, आणि चांगला दांडगा लागला. पूर्वी ते माशाला दमवायचे. या वेळी घाईघाईनं काठाशी ओढला, मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. चपला खडकावर, धोतर वर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरले, पाण्यातच गळ सोडवला. मी पट्टी घेऊन पुढं झालो, गोणपाट भिजवून तयार ठेवलं होतं.

“नको,” ते म्हणाले.

“लांबी?”

“नको म्हटलं की.”

शेषण्णा मोजायला नको म्हणाले! मी पट्टी हातात धरून तसाच उभा राहिलो. त्यांनी माशाचं तोंड पाण्याच्या ओढीकडं केलं, एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, आणि त्याला तसाच धरून ठेवला. त्याचे कल्ले उघडझाप करत होते. यांचे ओठ हलत होते, स्तोत्र म्हणत होते की आकडे मोजत होते देव जाणे. बऱ्याच वेळानं माशानं जोरात शेपटी मारली, शेषण्णांचा चष्मा भिजवला आणि निघून गेला. ‘पास’ म्हणतील म्हणून मी वाट बघितली. ते म्हणाले नाहीत.

“होडी काढ, पुरसो,” म्हणाले.

आम्ही तिघं पुलाखाली जाऊन थांबलो. पुरसोनं नांगर टाकला. शेषण्णा पुढच्या टोकाला, भिजलेल्या धोतरात, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर पाण्यावर. नारळाचं झावळं वाहत आलं, ते दचकून उठले. प्लास्टिकची पिशवी आली, पुन्हा उठले. ऊन चढलं. भरती भरून थांबली. दोन तास झाले. मला भूक लागली होती, पण बोलायची छाती झाली नाही.

शेवटी पुरसो म्हणाला, “गेला, अण्णा. जिवंत गेला. यायचा असता तर केव्हाच आला असता.”

शेषण्णांनी त्याच्याकडं बघितलं नाही. खिशातला व्हर्नियर काढला, ओल्या धोतरानं पुसला, परत ठेवला.

“अजून अर्धा तास बसू,” म्हणाले.

आम्ही बसलो.